आधी बोटं, मग बेल्ट

डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्यानं किंवा मेडिकलच्या विद्यार्थ्यानं मार्शल आर्ट शिकावी का, हा विषय निघाला की गाडी लगेच वेळेवर येते. क्लास किती तासांचा, परीक्षा कधी, झोपायचं कधी. वेळेचं गणित त्या मानानं सोपं आहे. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास बहुतेकांना काढता येतो. ज्यांना येत नाही त्यांना तो परीक्षेनंतर येतो. अवघड प्रश्न निराळा आहे. ज्या बोटांनी पुढे टाके घालायचे, ज्या डोक्यात बारा क्रॅनियल नर्व्ह ठेवायच्या आणि ज्या त्वचेचा स्पर्श पेशंटला होणार, नेमक्या त्याच गोष्टी ही विद्या दर क्लासला पणाला लावते. कुठली कला निवडायची, काय मनापासून करायचं आणि कशाला तोंडावर नाही म्हणायचं, हे त्यावरून ठरवावं. कराटे भारी की ज्युदो, हा वाद त्यानंतर घालायला हरकत नाही. तो तसाही मिटणारा नाही.

सुरुवात पडण्यापासून होते. ज्युदो, आयकिदो, जिउ-जित्सू यांत पहिले काही आठवडे पडायलाच शिकवतात. जपानीत त्याला उकेमी म्हणतात. नवख्यांना त्याचा कंटाळा येतो, कधी एकदा दुसऱ्याला फेकतो असं झालेलं असतं. मागे पडायची रीत अशी: आधी उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवायची, पाठ गोल करून मागे लोळायचं आणि पाठ मॅटला टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळव्यापासून कोपरापर्यंत, अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांवर मॅटवर आपटायचे. हात खांद्याच्या रेषेत पसरले तर हिसका खांद्याला बसतो, अंगाला फार चिकटले तर कोपर शरीराखाली सापडतं. नजर गाठीवरून सुटली की डोकं मागे जाऊन मॅटवर आदळतं. हे उकिडवं जमलं की उभ्यानं, मग जोडीदारावरून. प्रत्येक बाजूला दहा-पंधरा वेळा, दर क्लासला, ब्लॅक बेल्ट मिळाल्यावरसुद्धा.

एवढा खटाटोप एका जुन्या सवयीसाठी करावा लागतो. तोल गेला की हात आपोआप मागे जातो, तळवा उघडा, मनगट मागे वाकलेलं. सगळं वजन त्या मनगटावर येतं. ऑर्थोपेडिक्सच्या पुस्तकात या पडण्याला स्वतःचं नाव आहे आणि त्याखाली मोडणाऱ्या हाडांची यादी: रेडियसचं, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाताच्या हाडाचं, खालचं टोक, क्लॅव्हिकल म्हणजे गळपट्टीचं हाड आणि सगळ्यांत दगाबाज म्हणजे स्कॅफॉइड, मनगटातलं छोटं हाड. त्याला रक्त दूरच्या टोकाकडून आत शिरून उलट दिशेनं पुरवलं जातं. हाड कमरेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, मोडलं की कोपराच्या दिशेचा तुकडा उपाशी राहतो, जुळत नाही, पुढे सांधा झिजतो. वर पहिला एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो. म्हणून पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, अ‍ॅनाटॉमिकल स्नफबॉक्समध्ये दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काही म्हणो, हाड मोडलंय असं धरून मनगट बांधून ठेवतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो काढतात किंवा सरळ एमआरआय करतात. मॅटभोवती होऊ घातलेले डॉक्टर जास्त असले की 'मुरगळलंय रे नुसतं' हे निदान फुकटात मिळतं. ते घेऊ नये.

आता बोटं. ज्याला सर्जरीत जायचंय त्यानं हा भाग दोनदा वाचावा. गी, म्हणजे जाड कापडाचा सदरा-पायजमा, घालून खेळायच्या कलांमध्ये, म्हणजे ज्युदो आणि गीवालं जिउ-जित्सू, सगळा खेळ कापडाच्या पकडीवर चालतो. नवखा माणूस पकडतो ती जीव जाईपर्यंत सोडत नाही. समोरच्यानं बाही झटकली की बोटं वळलेलीच राहतात आणि टोक ओढलं जातं. बोटाचं टोक वाकवणारा खोल टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शेवटच्या पेरावरून उपटला जातो, बहुतेक वेळा अनामिकेचा. बाहेरून दिसायला थोडी सूज, एवढंच. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे: मधलं पेर सरळ धरून ठेवायचं आणि फक्त टोक वाकवायला सांगायचं. वाकत नसेल तर त्याच आठवड्यात हँड सर्जन गाठायचा. टेंडन तळहातापर्यंत मागे सरकला असेल तर त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि आठवडा-दहा दिवसांनंतर तो जागेवर आणून शिवणं कठीण होत जातं. 'परीक्षा झाली की दाखवतो' हे वाक्य इथे महागात पडतं.

याच्या उलट इजा म्हणजे मॅलेट फिंगर. टोक सरळ करणारा टेंडन तुटतो आणि बोटाचं टोक मान टाकतं. याला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही, लागतो तो संयम. टोकाचा सांधा सरळ ठेवणारा स्प्लिंट 6 ते 8 आठवडे, दिवसरात्र. आंघोळीला काढला आणि टोक एकदा जरी वाकलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. हात सारखे धुवावे लागणाऱ्या माणसाचा कस इथेच लागतो. स्प्लिंट बदलताना बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं, म्हणजे टोक लोंबत नाही.

मधल्या सांध्याचा मुरगळा ही सगळ्यांत नेहमीची गोष्ट. तो बरा व्हायला महिने लागतात आणि बोट कायमचं जाडसर राहू शकतं. त्यासाठी टेप लावायची ती अशी: अर्धा इंच रुंदीची, न ताणणारी झिंक ऑक्साइड टेप; सांध्याच्या वर एक वेढा, खाली एक वेढा, बोट किंचित वाकवलेलं ठेवून दोन्ही वेढ्यांना जोडणारी फुली तळव्याच्या बाजूनं. फुली पाठीमागून घातली तर बोट मागे जाण्यापासून अडत नाही आणि टेप निव्वळ शोभेची उरते. झाल्यावर नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर टेप घट्ट आहे, काढून पुन्हा लावायची. पकडीची सवयही सुधारता येते. करंगळी आणि अनामिकेनं धरायचं, बाकीची बोटं सैल, आणि समोरच्यानं जोरात झटकलं की सोडून द्यायचं. पकड पुन्हा मिळते. बाहीच्या आत बोटं खुपसायला स्पर्धांत मनाई आहे, आणि ती मनाई बोटं पिळवटण्याची चांगली जाण असलेल्या लोकांनी घातलेली आहे.

मुठीच्या कलांमध्ये दुसरीच तऱ्हा. हाताला गुंडाळायच्या रॅपची लांबी मोठ्यांसाठी साधारण साडेचार मीटर. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, नकल्सवर तीन, मग बोटांच्या फटींतून एकेक वेढा, आणि उरलेलं पुन्हा मनगटाला. बोटं फाकवून गुंडाळायचं, नाहीतर मूठ वळल्यावर रक्त अडतं. बॅगेसाठी 12 औंसांचे ग्लोव्ह चालतात, स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, 16. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकल्सवर बसायला हवा, कारण त्या दोन मेटाकार्पलचे, म्हणजे तळहातातल्या लांब हाडांचे, मनगटाकडचे सांधे जवळजवळ हलत नाहीत. चौथा आणि पाचवा हलतात. ठोसा वळून करंगळीच्या बाजूला बसला की पाचव्या मेटाकार्पलची मान मोडते. तिला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात खरं, पण मुरलेल्या बॉक्सरपेक्षा भिंतीवर राग काढणाऱ्यांतच ते जास्त दिसतं.

ग्लोव्ह नसताना ठोसा मारून समोरच्याचा दात लागला आणि नकलवर छोटीशी जखम झाली, तर ती छोटी समजू नये. मूठ वळलेली असताना दात टेंडन भेदून सांध्यात जातो. मूठ उघडली की टेंडन मागे सरकतो आणि तोंडातले जंतू, त्यांत आयकेनेला कोरोडेन्स हा नेहमीचा, आत बंद होतात. ही जखम हॉस्पिटलात उघडून धुवायची असते, अँटिबायोटिक्स लागतात, आणि ती टाके घालून बंद करत नाहीत. फळ्या, विटा फोडायच्या प्रात्यक्षिकांबद्दल एवढंच: डॉक्टर व्हायचंय त्यानं टाळ्या वाजवायला जावं.

डोक्याबद्दल मत स्पष्ट ठेवलेलं बरं. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं बॉक्सरांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांबद्दल 1928 साली लिहिलं, तेव्हापासून हा विषय नवा राहिलेला नाही. हेडगार्डवर फार विसंबू नये. तो भुवई फुटण्यापासून वाचवतो, पण कवटीच्या आत मेंदू गर्रकन फिरतो तो फिरतोच. 1984 पासून ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये असलेला हेडगार्ड 2013 मध्ये वरिष्ठ पुरुषांसाठी काढून टाकला गेला आणि 2016 ला रिओत ते त्याच्याविना लढले. बॉक्सिंगचं बहुतेक सुख बॅग, पॅड, दोरी आणि पावलांच्या कामात आहे. डोक्याला ठोसे खाणारं स्पारिंग वगळूनही वर्षानुवर्षं शिकता येतं, आणि वगळावंच. प्रशिक्षकाला पहिल्या दिवशीच सांगायचं. चांगला प्रशिक्षक 'बरं' म्हणतो. जो हसतो, त्याचा क्लास सोडावा.

तरी लागलंच, तर कन्कशनला, म्हणजे फटक्यानं मेंदूला बसणाऱ्या धक्क्याला, बेशुद्ध पडावं लागत नाही हे आधी लक्षात ठेवायचं. डोकं जड होणं, उजेड नकोसा वाटणं, एकच ओळ तिसऱ्यांदा वाचणं, उगाच चिडचिड. मेडिकलच्या विद्यार्थ्यात ही सगळी लक्षणं कन्कशनशिवायही वर्षभर असतात, हीच पंचाईत. म्हणून फटका कधी बसला आणि लक्षणं कधी सुरू झाली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती; अंधाऱ्या खोलीत पडून राहायची गरज नाही, हलकं चालणं चालतं, स्क्रीन कमी. मग पायरी पायरीनं: हलका व्यायाम, थोडा जोराचा, एकट्यानं तंत्राचा सराव, विनास्पर्श सराव. लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरनं तपासून हो म्हटल्यावरच संपर्काचा सराव, आणि शेवटी स्पारिंग. प्रत्येक पायरीला किमान 24 तास. अभ्यास हाही मेंदूवरचा भारच आहे, त्यामुळे आधी पूर्ण वेळ अभ्यास विनात्रास जमायला हवा, मॅट त्यानंतर. परीक्षेच्या आधीचा महिना-दीड महिना डोक्याला धक्का लागेल असं काहीच नको. या काळातलं कन्कशन माणूस इतरांपासून लपवतो आणि मग स्वतःपासूनही.

गळ्याच्या पकडींचं शरीरशास्त्र फॉरेन्सिकच्या पुस्तकात आयतं सापडतं. डोक्यातून रक्त परत नेणारी जुग्युलर व्हेन बंद व्हायला साधारण 2 किलोचा दाब पुरतो, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिडला 5, श्वासनलिकेला 15. म्हणजे नीट बसलेल्या पकडीत श्वास चालू असतो, घशात काही विशेष होत नाही आणि तरी दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. 'अजून श्वास घेता येतोय' हा टॅप न करण्याचा, म्हणजे हात आपटून हार न मानण्याचा, निकष साफ चुकीचा. दाब दोन्ही बाजूंना बसला की टॅप. फार क्वचित कॅरोटिडच्या आतल्या अस्तराला चीर जाते. क्लासनंतर मानेत एकाच बाजूला नव्यानं दुखायला लागलं, डोकं दुखतंय, एक पापणी उतरलीय आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक आहे, तर ती हॉर्नर सिंड्रोम म्हणून कौतुकानं बघायची वेळ नव्हे. तडक इमर्जन्सी गाठायची.

टाच पिळायच्या पकडीत, हील हूकमध्ये, फसगत आणखी वेगळी. कोपराच्या पकडीत दुखणं आधी येतं आणि सांधा नंतर जातो. हील हूकमध्ये गुडघा फिरवला जातो, आणि लिगामेंट तुटेपर्यंत फारसं दुखतच नाही. दुखायची वाट पाहणारा गुडघा घालवून बसतो. टाच अडकली, सुटायचा रस्ता दिसत नाही, की टॅप. मांडीवर जोराची लाथ बसली तर पहिले 24 तास गुडघा जास्तीत जास्त, शक्य तर 120 अंशांपर्यंत वाकवून बांधून ठेवतात. पहिल्या दिवसांत चोळायचं नाही आणि शेकायचं नाही. मांडीत साकळलेल्या रक्ताच्या गाठीत पुढे हाड तयार होऊ शकतं.

त्वचेचा मामला मात्र फक्त स्वतःपुरता राहत नाही. मॅटवरून गजकर्ण येतं, कुस्तीगिरांत पसरणारा हर्पीस येतो, गळवं उठवणारा स्टॅफिलोकॉकस जंतू येतो, आणि तो माणूस दुसऱ्या सकाळी वॉर्डात जाऊन पेशंटचं पोट तपासतो. वाहतूक उलटीही होते: वॉर्डातला एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस, मॅटवर. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचे नियम अंदाजासाठी चांगले आहेत. अंगावरच्या गजकर्णाला किमान 72 तास मलम लावून झाल्याशिवाय, जंतुसंसर्गाला 72 तास अँटिबायोटिक आणि 48 तासांत नवा फोड नाही असं झाल्याशिवाय, हर्पीसला 120 तास पोटातून औषध आणि 72 तास नवा फोड नाही असं झाल्याशिवाय मॅटवर पाऊल ठेवता येत नाही. गजकर्णाला स्टेरॉइड असलेलं मिश्र मलम फासणं ही मेडिकलच्या पोरांची खास चूक. खाज थांबते, कडा पुसट होते, बुरशी खाली पसरत राहते आणि पुढे त्वचारोगतज्ज्ञालाही चटकन ओळखू येत नाही.

रोजची पथ्यं साधी आहेत. नखं मुळापर्यंत कापलेली. क्लास संपल्यावर साबणानं आंघोळ, घरी जाऊन नव्हे, शक्य तितकी लगेच. गी दर वेळी धुवून कडक वाळवायची. बेल्टसुद्धा धुवायचा, बेल्ट धुतला की विद्या वाहून जाते ही समजूत फार लाडकी आहे आणि बुरशीला ती सगळ्यांत जास्त आवडते. मॅटबाहेर चपला, संडासात तर नक्कीच. वॉर्डातला एप्रन आणि गी एका पिशवीत कधीही नाही. मॅटवर रक्त सांडतं, त्यामुळे हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालेली हवी; ती मेडिकलला लागतेच.

कानाचंही बघायला हवं. घासून घासून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, कूर्चेला पोसणारं आवरण तिच्यापासून सुटतं आणि कूर्चा मरून फुलकोबीसारखा गड्डा होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्त काढून दाबपट्टी बसवली तर कान वाचतो, आठवडा उलटला की फार काही करता येत नाही. कुस्तीवाले हा कान मिरवतात. स्टेथोस्कोपची टोकं ज्यांना रोज कानात घालायचीत, त्यांनी इअरगार्ड घालावा.

नाइट ड्यूटीनंतर क्लासला जाणं हा शूरपणा अंगाशी येतो. डॉसन आणि रीड यांनी 1997 मध्ये दाखवलं की सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, आणि 24 तासांनंतर साधारण 0.10 टक्के असल्याइतकी. प्यायलेल्या माणसाशी स्पारिंग कोणी करणार नाही. अशा दिवशी फार तर हळू गतीनं तंत्र करावं, बरं म्हणजे झोपावं. परीक्षेच्या काळात क्लास पूर्ण सोडायचीही गरज नसते. आठवड्याला एक दिवस, फक्त उकेमी आणि दोन-तीन ठरलेली तंत्रं, एवढ्यानं हात बसलेला राहतो. दम मात्र दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो. परतल्यावर डोकं जुन्या वेगानं खेळतं आणि शरीर नव्या, त्यामुळे परतीचे पहिले चार-पाच क्लास स्पारिंगशिवाय.

अर्जात याचं काय करायचं, हे शेवटी. 'मार्शल आर्टनं मला शिस्त शिकवली' हे वाक्य निवड समितीनं इतक्या वेळा वाचलेलं असतं की डोळा त्यावरून घसरतो. अमेरिकेतल्या मेडिकल प्रवेशाच्या एएमसीएएस या सामाईक अर्जात 15 उपक्रम मांडता येतात, प्रत्येकाला 700 अक्षरं, त्यातल्या तिघांना आणखी 1325. तेवढ्या जागेत काम लिहावं: किती वर्षं, आठवड्याला किती तास, नवख्यांचा वर्ग घेतला का, त्यात उकेमी कशी शिकवली, दुखापतींची नोंदवही ठेवायला सुरुवात केली का. स्पर्धेत डॉक्टरच्या हाताखाली स्वयंसेवक म्हणून उभं राहायची संधी मिळाली तर जरूर घ्यावी. रिंगच्या कडेला डॉक्टरचं मुख्य काम 'थांबा' म्हणणं हे असतं आणि ते ऐकलं जाईलच असं नाही. मुहम्मद अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी अलीच्या मूत्रपिंडांचे रिपोर्ट पाहून त्याला थांबायला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, आणि 1977 मध्ये ते त्याच्या गोटातून बाहेर पडले.

मुलाखतीत 'बरं करायला शिकणारा माणूस मारायला का शिकतो' असा खडा टाकला जातो. त्याला तत्त्वज्ञानानं उत्तर देण्यापेक्षा टॅप म्हणजे काय ते सांगावं: समोरच्यानं हात आपटला की पकड त्याच क्षणी सुटते, वाद नाही, आणि जो सोडत नाही त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कोणी खेळत नाही. बेल्ट जो असेल तोच लिहावा, आगाऊ रंग चढवू नये. टेबलापलीकडे बसलेल्यांत एखादा जुना ज्युदोवाला निघाला तर तो बेल्टबद्दल विचारतच नाही. तो विचारतो, तुझं तोकुई-वाझा कुठलं, म्हणजे तुझा हुकमी डाव कोणता. ज्यानं खरंच केलंय त्याला हे आठवावं लागत नाही.